“बाबांचं हृदय ठणठणीत, मग हा आजार त्यांनाच का?”

“बाबा आयुष्यभर पळाले. बीपी नाही, कोलेस्टेरॉल आटोक्यात. मग मोटर न्यूरॉन आजार त्यांनाच का? मी पळणं सोडू का?” मुलाने माझ्या दवाखान्यात बसल्या बसल्या विचारलं. शेजारी वडील होते. निदान होऊन काही महिने झाले होते. या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात.

त्याची शंका अगदीच निराधार नव्हती. काटक, सडपातळ, हृदयविकाराचा धोका कमी असलेल्यांत हा आजार किंचित जास्त आढळतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. बेसबॉलपटू लू गेहरिग सलग २१३० सामने खेळला आणि १९३९ मध्ये त्याला हेच निदान झालं. पण एवढ्यावरून व्यायामाला दोषी धरता येत नाही. काटक शरीर आणि आजाराची प्रवृत्ती, दोन्ही एकाच जनुकीय मुळातून येत असण्याचीही शक्यता आहे. शिवाय हृदयविकार या आजारापेक्षा कितीतरी जास्त लोकांना गाठतो. “तू पळत राहा,” मी म्हटलं. घराण्यात आणखी कुणाला हा आजार असता, तर जनुकीय सल्ला घ्यायला सुचवलं असतं. तसं कुणी नव्हतं.

माझं लक्ष मात्र वडिलांच्या कमरेकडे गेलं. पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, तरी पँट सैलच. जेवणाचं विचारलं, तर मुलगा अभिमानाने म्हणाला, “हृदयाला जपतोय. तेल, साय सगळं बंद.”

इथेच खरा घोळ होता. या आजारात अनेकांचं शरीर बसल्या जागीही जास्त ऊर्जा जाळतं, आणि वजन उतरलं की आजार वेगाने वाढतो. निरोगी माणसाला चांगलं असणारं पथ्य त्यांच्या जिवावर उठत होतं. मी त्यांना त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. गिळताना ठसका लागतो का, तेही तपासून घ्यायला सांगितलं.

निघताना वडील हळूच म्हणाले, “हृदयही बंद पडेल का?” हृदयाचे ठोके हृदयातच तयार होतात, या आजारात मरणाऱ्या चेतापेशींवर ते चालत नाही. धोका असतो श्वासाच्या स्नायूंना. म्हणून आडवं झाल्यावर दम लागला किंवा सकाळी डोकं जड राहिलं, तर नुसत्या ईसीजीवर थांबू नका, श्वासाची क्षमताही तपासून घ्या. हालचाल कमी झाल्याने पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली, तर थेट इमर्जन्सीत जा. हे सगळं मी त्यांना कागदावर लिहून दिलं.