काळीची पिल्लं आणि जानेवारीतला लाखाचा हप्ता

माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४. घरात आई, पत्नी, दोन मुलं. वाड्यावर ११० मेंढ्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर गावी परतायचं. राखणीला काळी नावाची तीन वर्षांची कुत्री आहे, लांडग्याची चाहूल तिला सगळ्यांच्या आधी लागते. त्यांचा प्रश्न असा: येत्या भाद्रपदात तिला चांगला कुत्रा लावावा, की वर्षभर थांबावं? पुण्याकडचे फार्महाउसवाले पिल्लाला १५ हजार देतील असं कुणीतरी सांगितलं आहे. आठ पिल्लांचे १ लाख २० हजार येतील आणि त्यातून जानेवारीतला विम्याचा १ लाखाचा हप्ता भरता येईल, असा हिशोब आहे. पत्राच्या शेवटी आणखी दोन ओळी आहेत. पॉलिसी बँकेतल्या माणसाने ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून दिली. आणि गेल्या जानेवारीत हप्त्यासाठी १४ मेंढ्या विकल्या, पत्नी नको म्हणत असताना.

आधी पिल्लांचा हिशोब उरकतो. आठ होतील, त्यातली सहा जगतील असं धरा. एक तुम्ही ठेवाल, एक कुत्रेवाल्याला द्यावं लागेल. दोन पाहुण्यांच्या वाड्यांवर जातील, आणि पाहुण्यांकडून आपण पैसे घेत नाही हे तुम्हीच लिहिलंय. विकायला उरली दोन. आपल्या राखणीच्या कुत्र्याला ५-६ हजारांच्या वर गिऱ्हाईक मिळेल असं मी धरणार नाही. म्हणजे हाती १०-१२ हजार. जंताचं औषध, लसी, काळीचा दोन महिन्यांचा जादा खुराक यात तेवढे जातातच. हप्त्यासाठी यातून एक रुपयाही सुटणार नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमची चूक काळीच्या बाबतीत झालेली नाही, ती त्या १४ मेंढ्यांच्या बाबतीत झाली आहे.

सात हजारांनी विकल्या, लाखभर आले, ते हप्त्यात गेले. त्या १४ मेंढ्यांनी वर्षाला १२ तरी कोकरं दिली असती. पाच हजारांनी धरलं तरी ६० हजार. मर, औषधं, चराईचा खर्च म्हणून निम्मे वजा करा. उरतात ३० हजार, दर वर्षी, लाखाच्या मालावर. शेतात मेंढरं बसवल्याचं धान्य-पैसे मी यात धरलेच नाहीत. आणि ज्या पॉलिसीपायी हे सोडलं ती काय देते? दहा वर्षं लाख-लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २० लाख घ्यायचे. ‘दुप्पट’ ऐकायला छान वाटतं, पण ते वर्षाला साडेचार टक्के पडतं. हेच पैसे पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या लांब मुदतीच्या बचत खात्यात, आजच्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी साडेएकोणतीस लाख होतात. ज्याची वर्षाची कमाई कोकणातल्या मुक्कामावर अवलंबून आहे त्या माणसाच्या गळ्यात दहा वर्षांचा सक्तीचा हप्ता घालणाऱ्याला तुमचं घर कसं चालतं हे माहीत नव्हतं, किंवा त्याला त्याची पर्वा नव्हती.

‘दोन लाख भरले, आता सोडलं तर बुडतील,’ असं तुम्ही म्हणता. थोडे बुडतीलच. दोन हप्त्यांनंतर पॉलिसी मध्येच सोडली, म्हणजे सरेंडर केली, तर नियमाने भरलेल्या पैशांच्या किमान ३० टक्के, म्हणजे ६० हजारांच्या आसपास मिळतात. विशेष सरेंडर मूल्य त्याहून जास्त असू शकतं, त्याचा आकडा कंपनीकडून लेखी मागवा. पण साठच धरले, ते आणि पुढचे आठ हप्ते पीपीएफला लावले, तर त्याच तारखेला २४ लाख होतात. पॉलिसी चालू ठेवली तर २०. म्हणजे १ लाख ४० हजार पाण्यात गेले असं धरूनही बाहेर पडणंच फायद्याचं.

लगेच सरेंडरची सही मात्र करू नका. पॉलिसीसोबत प्रस्ताव फॉर्मची प्रत असते. तुम्ही लिहिता की तिच्यावर तुमचा धंदा ‘व्यापार’ आणि उत्पन्न ८ लाख लिहिलंय. हे फार गंभीर आहे. पहिल्या तीन वर्षांत काही बरंवाईट झालं, तर खोट्या माहितीवर बोट ठेवून कंपनी दावा अडवू शकते. म्हणजे ज्या विम्यासाठी मेंढ्या विकल्या, तोही भरवशाचा नाही. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा: एफडी म्हणून विकली, माहिती मी दिलेली नाही, पूर्ण पैसे परत करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. जानेवारीचा हप्ता भरायचा नाही. सरेंडर करायचीच तर लोकपालांचा निकाल लागल्यावर.

तोवर कुटुंब उघडं नको. बँकेतच जीवनज्योती (वर्षाला ४३६ रुपये) आणि सुरक्षा विमा (२० रुपये) तुम्ही दोघांनीही घ्या. मृत्यूनंतर २ लाख, अपघाती मृत्यू असेल तर आणखी २ लाख. हे पैसे मेअखेर खात्यातून कापले जातात. तेव्हा तुम्ही वाटेवर असता, म्हणून शिल्लक आधीच ठेवा. दोन वर्षं आयकर विवरणपत्र भरा, मग २५-५० लाखांचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा) मागता येईल; उत्पन्नाचा पुरावा नसेल तर तो बहुधा मिळणार नाही.

आणि मेंढ्यांचा विमा. जवळजवळ आठ लाखांचा कळप, आणि त्यावर एक पैशाचं संरक्षण नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात मेंढपाळाला हप्त्याचा १५ टक्केच वाटा भरावा लागतो आणि १०० मेंढ्यांपर्यंत अनुदान आहे. पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून कोकणात उतरण्याआधी कानात बिल्ले मारून घ्या. पॉलिसीचे जे पैसे परत येतील त्यातले ४० हजार अडीअडचणीला खात्यात ठेवा, उरलेल्यात माद्या घ्या. पीपीएफ त्यानंतर, आणि तोही जमेल तेवढाच. वर्षाला ५०० भरले तरी खातं चालू राहतं.

आता काळी. हप्त्याचा विषय बाजूला झाला की तिचं उत्तर सोपं आहे: या भाद्रपदात नको. भाद्रपदात लावली तर त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे ऐन बिऱ्हाड हलताना व्यायील. डोळेही न उघडलेली पिल्लं घोड्यावर, घाटात आणि रोज नव्या मुक्कामाला. निम्मी तिथेच जातील, आणि तुमची राखणीची कुत्री दोन महिने कळपाबरोबर नसेल. चैत्राच्या आसपास पुन्हा माजावर आली तर तेव्हा लावा. मग ज्येष्ठात, गावी परतल्यावर व्यायील. तिच्याइतकीच चांगली मादी मागे राहावी, हे लावायचं खरं कारण. लांडग्याच्या एका रात्रीत पाच-सहा मेंढ्या गेल्या तर ४० हजारांचा फटका बसतो, आणि तो काळी वाचवते.

लावण्याआधी चार घरं पक्की करा, मेंढरं असलेल्या वाड्यांचीच. फार्महाउसच्या साखळीला बांधलेलं राखणीचं पिल्लू वर्षभरात चावरं होतं आणि परत तुमच्याच दारात येतं. धंदा म्हणून विकायची असतील तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. पाहुण्यांनाही त्याआधी देऊ नका. पहिली लस आणि जंताचं औषध देऊनच पाठवा, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात टोचायची, हे घेणाऱ्याकडून कबूल करून घ्या.