निवडणुकीच्या तोंडावर मतदारसंघांची पुनर्रचना: टेक्सासमध्ये नेमके काय घडले

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: पुढची जनगणना पाच वर्षांवर असताना टेक्सासच्या विधिमंडळाला अमेरिकेच्या संसदेतील लोकसभेसारख्या सभागृहाचे मतदारसंघ बदलता येतात का, विरोधी आमदार राज्य सोडून का गेले, आणि न्यायालयाने हे सारे थांबवले का नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून पहिल्या दोहोंचे उत्तर थोडक्यात देतो.

कायद्याने हे करता येते. जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखणे राज्यांना भाग असते. मात्र मधल्या काळात ते पुन्हा आखण्यास अमेरिकेच्या राज्यघटनेत मनाई नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये टेक्सासच्याच प्रकरणात सांगितले. पुढे २०१९ मध्ये, केवळ पक्षाच्या फायद्यासाठी सीमा वाकवल्या अशी तक्रार संघराज्याच्या न्यायालयांनी ऐकायचीच नाही, असाही निर्णय झाला. त्यामुळे वंशाच्या आधारे मतदारांची विभागणी झाली, हाच आक्षेप प्रामुख्याने उरतो.

आमदार गेले ते गणपूर्ती मोडण्यासाठी. टेक्सास विधिमंडळाच्या प्रतिनिधिगृहात १५० सदस्य आहेत आणि कामकाजासाठी त्यांपैकी दोन तृतीयांश, म्हणजे १०० जण हजर असावे लागतात. रिपब्लिकन ८८ होते, डेमोक्रॅट ६२. गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी बोलावलेले विशेष अधिवेशन २१ जुलै २०२५ रोजी सुरू झाले आणि ऑगस्टच्या आरंभी पन्नासहून अधिक डेमोक्रॅट सदस्य इलिनॉय व इतर राज्यांत निघून गेले. गैरहजेरीबद्दल दिवसाला ५०० डॉलर दंड होता. पहिले अधिवेशन संपताच गव्हर्नरांनी लगोलग दुसरे बोलावले. सदस्य १८ ऑगस्टला परतले, तेव्हा त्यांना पोलिसांच्या पहाऱ्यात राहण्याच्या कागदावर सही केल्याशिवाय सभागृहाबाहेर पडू दिले जात नव्हते. त्यांपैकी निकोल कॉलियर यांनी सही नाकारली आणि त्या रात्री सभागृहातच मुक्काम केला. दोन दिवसांनी विधेयक ८८ विरुद्ध ५२ मतांनी संमत झाले. अमेरिकेच्या संसदेतील राज्याच्या ३८ जागांपैकी २५ रिपब्लिकनांकडे होत्या. नव्या नकाशाचा हेतू आणखी पाच मिळवण्याचा होता, आणि तो कोणी लपवलाही नाही.

आता न्यायालयाकडे वळू. येथे तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. गव्हर्नरांची सही २९ ऑगस्टला झाली. उमेदवारी अर्ज भरण्यास ८ नोव्हेंबरला सुरुवात झाली. एल पासो येथे तीन न्यायाधीशांच्या पीठाने ऑक्टोबरमध्ये साक्षी-पुरावे ऐकले आणि १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मताने नकाशा रोखला. मतदारांना वंशानुसार विभागल्याचा भक्कम पुरावा आहे, असे बहुमताचे म्हणणे होते, आणि ते निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश जेफ्री ब्राउन यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केलेली होती. अर्जांची मुदत ८ डिसेंबरला संपणार होती. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे नवा नकाशा पुन्हा लागू झाला, आणि स्थगितीच्या कारणांपैकी एक असे, की प्राथमिक निवडणुकीची (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाची) धामधूम सुरू असताना खालच्या न्यायालयाने मध्ये पडायला नको होते.

निवडणूक जवळ आल्यावर न्यायालयांनी नियम बदलू नयेत, हे तत्त्व २००६ पासून तेथे रुळलेले आहे आणि एरवी ते शहाणपणाचेही आहे, कारण ऐन वेळी बदललेल्या सीमांनी मतदार व कर्मचारी दोघेही गोंधळतात. पण विधिमंडळानेच नकाशा उशिरा केला, तर त्या उशिराचा फायदा त्यालाच मिळतो. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात नेमके हेच नोंदवले, की अशाने प्रत्येक राज्याला एखादी बेकायदा निवडणूक पार पाडण्याची मुभा मिळते. माझ्या मते घाई हा या प्रकरणातला अपघात नव्हता. नकाशा टिकावा याची तजवीज त्या घाईतच होती.

याला जुना दाखला आहे. २००३ मध्येही टेक्सासमध्ये असाच नकाशा झाला. तेव्हाही डेमोक्रॅट प्रतिनिधी आधी ओक्लाहोमाला व नंतर सिनेटर (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य) न्यू मेक्सिकोला गेले होते. २००४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन १५ वरून २१ जागांवर पोहोचले. त्या नकाशातील २३ वा मतदारसंघ लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जून २००६ मध्ये ठरवले, तोवर तेथून निवडून आलेले सदस्य दोन वर्षांच्या मुदतीपैकी जवळपास दीड वर्ष सभागृहात बसून झाले होते.

दुसरा पक्ष सोवळा राहिला, असे मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी हे काम स्वतंत्र आयोगाकडे सोपवलेले होते. टेक्सासला उत्तर म्हणून डेमोक्रॅटांनी आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून आपला मांडला आणि ४ नोव्हेंबरच्या मतदानात तो मंजूरही झाला. निदान लोकांना विचारले गेले, एवढा फरक मी मानतो. आयोग मोडल्याचे दुःख मात्र राहतेच. इंडियाना राज्यात उलट घडले. तेथील रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने, वॉशिंग्टनहून प्रचंड दबाव असताना, डिसेंबरमध्ये नवा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला.

भारतात लोकसभा व विधानसभेच्या सीमा पुनर्रचना आयोग ठरवतो आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्यास अनुच्छेद ३२९ ने मोठा अटकाव आहे, म्हणून हा प्रकार आपल्याला परका वाटतो. महापालिकांकडे पाहिले तर तितका परका वाटणार नाही. मुंबईच्या प्रभागांची संख्या एका सरकारने २२७ वरून २३६ केली, २०२२ मध्ये पुढच्या सरकारने ती पुन्हा २२७ वर आणली.

डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्या आणि नागरिकत्व घेतलेल्या आपल्या नातेवाइकांना एवढे जरूर कळवा: घर तेच असले तरी मतदारसंघाचा क्रमांक बदललेला असू शकतो. काउंटीकडून (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाकडून) टपालाने येणाऱ्या मतदार प्रमाणपत्रावर तो छापलेला असतो. जुन्या प्रमाणपत्रावर विसंबून उमेदवार शोधू नयेत.