कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवताना कोणत्या ॲक्टिव्हिटी घ्याव्यात?

वीस जणांची बॅच आहे, कोणी तोंड उघडत नाही, नेटवरचे गेम्स घेऊन झाले, आता मराठी बोलणाऱ्याला दंड ठेवावा का, असं तुम्ही विचारलंय. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसले. दंड ठेवू नका. ॲक्टिव्हिटींचं नंतर सांगते.

मी तेरा वर्षं चाकण, तळेगाव, रांजणगाव भागातल्या कंपन्यांत जाऊन इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात सुपरवायझर असतात, क्वालिटीचे, स्टोअरचे, डिस्पॅचचे लोक असतात. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अठरा जणांची बॅच होती. आठवड्यातून दोन दिवस, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चार ते साडेपाच. एचआरने माझ्या आधीच नियम करून ठेवला होता: वर्गात मराठी वाक्य बोललं की दहा रुपये, आणि त्यासाठी टेबलावर पत्र्याचा डबा. जमलेल्या पैशांतून शेवटच्या दिवशी वडापाव. पहिल्या तीन आठवड्यांत डब्यात चाळीस रुपये पडले आणि वर्गात शुकशुकाट. मराठी बोलायला दंड होता, गप्प बसायला नव्हता. मग माणसं गप्प बसली.

त्या बॅचमध्ये क्वालिटीचे एक सीनियर इन्स्पेक्टर होते. पन्नाशीचे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसायचे. एक दिवस ते उठून पुढे आले, खिशातून दहाची नोट काढून डब्यात टाकली आणि म्हणाले, "मॅडम, आता एक विचारू?"

दर बुधवारी जर्मनीतल्या कस्टमरबरोबर कॉल व्हायचा. दोन महिन्यांपूर्वी तिकडच्या माणसाने विचारलं होतं, "सो, यू हॅवन्ट चेक्ड द सेकंड लॉट?" दादा म्हणाले, "यस सर." दादांच्या मनात होतं, हो, बरोबर, अजून नाही तपासला. तिकडच्याने ऐकलं, हो, तपासलाय. त्याने लॉट पाठवायला सांगितलं, डिस्पॅचने पाठवला, तिकडे लाइनवर पार्टच्या कडेला बर, म्हणजे धातूची धारदार कुसळं, निघाली. तक्रार आली. मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्ही कस्टमरशी खोटं बोललात.

"बावीस वर्षांत एक रीडिंग खोटं लिहिलेलं नाही मी," दादा सांगत होते. "मी हो म्हणालो ते खरंच होतं, मॅडम. मग खोटं कुठे झालं, तेवढं सांगा."

त्या दिवशीचा माझा धडा 'मीटिंगमध्ये सूचना मांडणे' हा होता. तो मी बाजूला ठेवला आणि सरळ मराठीत समजावलं. आपल्याकडे कोणी विचारलं, "अजून जेवला नाहीस?" तर आपण म्हणतो, "हो ना, नाही जेवलो." आपला हो समोरच्याच्या वाक्याला असतो: तू म्हणतोस ते बरोबर आहे. इंग्रजीतला यस किंवा नो आपल्या स्वतःच्या उत्तराला धरून येतो. काम झालं असेल तर यस, आय हॅव. झालं नसेल तर नो, आय हॅवन्ट. समोरच्याने प्रश्न सरळ विचारला की उलटा, त्याने काही बदलत नाही. जर्मनमध्ये तर अशा नकारार्थी प्रश्नाला "नाही कसं, केलंय की" असं सांगायला 'डॉख' हा वेगळा शब्दच आहे.

समजावायला पाच मिनिटं लागली असतील. त्यानंतर वर्गात जो आवाज सुरू झाला तो मी त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. स्टोअरवाले म्हणाले, "अरे, माझं त्या बेअरिंगच्या ऑर्डरचं हेच झालं होतं." दुसऱ्याला त्याचा किस्सा आठवला, मग तिसऱ्याला. दादा खाली बसले आणि नुसतं म्हणाले, "म्हणजे मी खोटं नव्हतो बोललो."

मग मी चिठ्ठ्या करायला लावल्या. प्रत्येकाने आपल्या कामातला एक उलटा प्रश्न इंग्रजीत लिहायचा: मटेरियल आलं नाही का, गेज कॅलिब्रेट केलं नाही का, गाडी निघाली नाही का. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, फोनवर बोलल्यासारखं. उत्तर देणाऱ्याकडे आणखी एक चिठ्ठी, तिच्यावर 'झालं' किंवा 'नाही झालं'. ती बघून त्याने उत्तर द्यायचं. ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजलं ते कागदावर लिहायचं. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. पहिल्या फेरीत नऊ जोड्यांपैकी सहांचे कागद जुळले नाहीत. मग एक नियम वाढवला: नुसतं यस-नो चालणार नाही, पूर्ण वाक्य हवं. "नो सर, वी हॅवन्ट चेक्ड इट यट." दुसऱ्या फेरीत एकच जोडी चुकली. राजगुरुनगरकडच्या दोघांची बस सुटली तरी ते उठले नाहीत. तुम्हाला हवी ती रंजक ॲक्टिव्हिटी ही.

काचेच्या दरवाजातून ट्रेनिंग कोऑर्डिनेटरने हे पाहिलं. त्यांना ऐकू आलं ते मराठी. महिनाअखेरच्या अहवालात ओळ आली, "ट्रेनर वर्गात मराठी वापरतात." पुढची बॅच मला मिळाली नाही. मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "लहान मूल भाषा कशी शिकतं, मॅडम? भाषांतर करून शिकतं का?"

हे वाक्य मी त्यानंतर अनेक कंपन्यांत ऐकलंय, तेव्हा उत्तर इथे लिहूनच टाकते. लहान मूल दिवसभर, वर्षानुवर्षं त्या भाषेत असतं आणि त्याच्या चुकीच्या शब्दापायी कोणाचा लॉट परत येत नाही. तुमच्या माणसाला आठवड्याला तीन तास मिळतात, बारा आठवड्यांचे छत्तीस तास. त्याच्याकडे एक अख्खी भाषा आधीच आहे. त्याच्या चुका त्या भाषेतून येतात, मग त्या दाखवायच्या कशा, त्या भाषेचं नाव न घेता? आणि हेही विसरू नका की महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधीच्या पोरांनी एबीसीडी पाचवीत गिरवली, वहीत शब्दार्थ लिहिले, दहावीला निबंध पाठ केला. त्यांना इंग्रजी येत नाही असं नाही. ते त्यांच्या तोंडातून कधी कोणी काढूनच घेतलं नाही. त्यांच्यापुढे दंडाचा डबा ठेवायचा म्हणजे त्यांना पुन्हा पाचवीच्या वर्गात उभं करायचं.

आता बाकीच्या ॲक्टिव्हिटी, थोडक्यात.

हँडओव्हर: शिफ्ट बदलताना जे सांगतात तेच इंग्रजीत आधी चार मिनिटं एका जोडीदाराला, मग तीन मिनिटांत दुसऱ्याला, मग दोन मिनिटांत तिसऱ्याला. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी ही पद्धत बरीच पुढे आणली. मजकूर तोच असल्यामुळे तिसऱ्या वेळी शब्द शोधावे लागत नाहीत, जीभ सुटते. मधे थांबवून चुका काढू नका.

वाय-वाय, म्हणजे बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा 'का' विचारत जाणं: शॉप फ्लोअरवर ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून विषय समजवायला वेळ जात नाही. एकाने पाच वेळा का विचारायचं, दुसऱ्याने भूतकाळात उत्तर द्यायचं. "व्हाय मशीन स्टॉप्ड" चं "व्हाय डिड द मशीन स्टॉप" असंच होतं, फळ्यावर डिडचा तक्ता लिहून होत नाही.

आकडे: हे कोणी शिकवत नाही आणि पैसे इथेच बुडतात. एकाने ड्रॉइंगवरची मापं वाचायची, दुसऱ्याने न बघता लिहून घ्यायची. फिफ्टीन-फिफ्टी, पॉइंट झिरो फाइव्ह, सगळं येतं. मग लाखाचे मिलियन करायला लावा: दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. परदेशातल्या कस्टमरला लाख म्हणजे काय ते माहीत नसतं आणि कॉलवर ऐन वेळी शून्यं मोजता येत नाहीत.

ईमेल: त्यांनीच पाठवलेले वीस ईमेल मागवा, नावं आणि पार्ट नंबर खोडा आणि धड्याची वाक्यं त्यांतूनच घ्या. गोपनीयतेचं कारण सांगून एचआर नाही म्हणेल, तरी पिच्छा पुरवा. नाहीच मिळाले तर एक अख्खी शिफ्ट फ्लोअरवर उभ्या राहा आणि वहीत टिपून घ्या. बाजारातल्या पुस्तकातली हॉटेलची आणि विमानतळाची संभाषणं स्टोअरच्या माणसाला काय कामाची?

मी सांगितलं ते कारखान्यातल्या बॅचचं आहे. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत दिवसभर कॉलवरच असलेल्या लोकांना हे लागू होणार नाही, त्यांचं दुखणं वेगळं. मराठी वापरा म्हणजे दीड तास मराठीत व्याकरण सांगा असंही नाही. मी एका वेळी पाच-सात मिनिटांवर जात नाही, बाकी वेळ तोंडं त्यांची चालली पाहिजेत.

आणि हल्ली चाकणच्या बॅचमध्ये ओडिशाचे, बिहारचे दोन-तीन जण असतातच. तिथे मराठीत समजावलं तर ते बिचारे नुसते बघत बसतात. अशा वेळी मी मराठी पोरांना आपापसात मराठीत बोलून घेऊ देते आणि मग सांगते, आता हे सगळं शेजारच्या ओडिशाच्या भावाला इंग्रजीत समजवा, त्याला काय कळलं ते तो मला सांगेल. समोरच्याला खरंच कळलेलं नसतं, त्यामुळे ते मनापासून समजावतात, हातवारे करतात, शब्द अडला की माझ्याकडे बघतात. तो शब्द तेवढा मी देते.