राजीनामा लिहिण्याआधी

प्रिय,

तुझा रात्री पावणेतीनचा मेसेज सकाळी वाचला. "मॅडम, मी या कामाच्या लायकच नाही बहुतेक." राजीनामा द्यायचाच असेल तर दे, मी अडवणार नाही. फक्त त्याआधी आठवडाभर खिशात एक कागद ठेव. पेशंटजवळ किती मिनिटं गेली आणि कागद, कॉम्प्युटर, फोन यांत किती, एवढंच त्यावर टिपत जा.

मी हे चाळिशीत केलं, फार उशिरा. एकाच पेशंटचं निदान आणि औषधं मी चार ठिकाणी लिहीत होते. चौथी प्रत कोण वाचतं याचा माग काढत रेकॉर्ड विभागात पोचले, तर तिथला माणूस म्हणाला, "पूर्वीपासून येते, म्हणून फाइलला लावतो." तो फॉर्म बंद करायला तीन महिने लागले. पण रोजचा अर्धा तास सुटला, आणि त्या अर्ध्या तासात मी पुन्हा पेशंटच्या उशाशी बसायला लागले. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर सक्तीनं बसवलेल्या 'ताणमुक्ती'च्या व्याख्यानांनी मला एवढं कधीच दिलं नाही. (त्या व्याख्यानांची हजेरीसुद्धा दोनदा लिहावी लागे!)

हे माझ्यापुरतं नव्हतं. अमेरिकेत 57 डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण करून 2016 साली एक अभ्यास छापला गेला. पेशंटसोबतच्या दर तासामागे जवळजवळ दोन तास नोंदी आणि टेबलावरचं काम, असं त्यात दिसलं. हवाईतल्या एका रुग्णालय-समूहानं तर कर्मचाऱ्यांनाच विचारलं की नोंदींमधलं बिनकामाचं काय काय काढून टाकू, आणि खरोखर काढलं.

तुझ्या मेसेजमधली दुसरी एक ओळ मला जास्त खुपली. "सात नंबर पुन्हा कुरकुर करतोय." पूर्वी तुला सात नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं नाव माहीत असायचं. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये बर्नआउट, म्हणजे कामानं आतून पार थकून जाणं, मोजायची प्रश्नावली मांडली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: मन रिकामं होणं, माणसांकडे वस्तूसारखं बघणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझ्या पाच ओळींत तिन्ही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं. तेव्हा लायकीचा प्रश्न जरा बाजूला ठेव. मात्र ड्यूटी नसतानाही झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर आजच दुसऱ्या डॉक्टरकडे जा. स्वतःच गोळ्या लिहून घेऊ नकोस. ही खोड आपल्या धंद्यात फार.

आता त्या चुकीबद्दल, जिचा तू उल्लेख करून लगेच विषय बदललास. माझ्याकडून एकदा रक्ताचा रिपोर्ट बघायचा राहिला आणि पेशंटला आयसीयूत हलवावं लागलं. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर "असं झालंच कसं?" विचारलं. मी बधिर होऊन उभी. वॉर्डातल्या सिस्टरनी खुर्ची सरकवली. म्हणाल्या, "आधी बसा. पाणी प्या. मग आपण दोघी नातेवाइकांशी बोलू." पेशंट वाचला. अल्बर्ट वू या अमेरिकी डॉक्टरांनी 2000 साली हातून चूक झालेल्या अशा डॉक्टरांना 'दुसरा बळी' म्हटलं. काहींना हा शब्द पटत नाही, कारण खरं भोगतो पेशंट आणि त्याचं घर. मलाही तो थोडा टोचतो. पण ती खुर्ची प्रत्येक वॉर्डात असायला हवी, आणि ती कोण सरकवणार हे आधीच ठरलेलं असावं. नशिबावर सोडू नये.

आणखी एक. मनापासून आवडणाऱ्या कामाला एकूण वेळेच्या निदान 20 टक्के देता येतात, त्या डॉक्टरांत बर्नआउट बरंच कमी आढळलं, असं 2009 च्या एका अभ्यासात आहे. म्हणजे आठवड्यातला साधारण एक दिवस. केसपेपरच्या पाठीवर हृदयाचं चित्र काढून तू एका आजींना झडप समजावत होतास ना? आजी शेवटी तो कागद घडी घालून घेऊन गेल्या. अशा समजावण्यासाठी विभागप्रमुखांकडे अर्धा दिवस माग. 'मला ताण आहे' म्हणून गेलास तर सल्ला मिळेल. मिनिटांचा कागद घेऊन गेलास तर निदान चर्चा होईल.

रविवारी ये. कागद आण, आणि ड्यूटीचा तक्ताही. नाईटनंतर लगेच सकाळची ओपीडी कोणी लावली ते मला बघायचंय.

तुझी,
मॅडम