‘दीड किलो दाब’ म्हणावे का?

चोपडा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे : केळीच्या ठिबक संचाविषयी मराठीत टिपण लिहिताना ‘फिल्टरनंतर दीड किलो दाब ठेवावा’ असे लिहिले, तेव्हा एका शिक्षकाने ‘किलो हे वस्तुमानाचे एकक आहे, दाबाचे नव्हे’ असे म्हणून ते वाक्य खोडले. मग योग्य प्रयोग कोणता, आणि गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकावर, बार किंवा पीएसआय ही दाबाची एकके असतील तर आकडा कसा बदलावा?

शिक्षकांचा आक्षेप तत्त्वतः खरा आहे. तरीही ‘दीड किलो’ हा प्रयोग चुकीचा नसून संक्षिप्त आहे. त्याचे पूर्ण रूप ‘दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोग्रॅम-भार’ असे होते. किलोग्रॅम-भार म्हणजे एक किलोग्रॅम वस्तुमानाला पृथ्वी जेवढ्या बलाने ओढते तेवढे बल, प्रमाणित मूल्यानुसार ९.८०६६५ न्यूटन. बोलणाऱ्याने त्यातला ‘भार’ही गाळला आणि ‘दर चौरस सेंटिमीटर’ही, कारण ऐकणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतात. टायरवाला ‘तीस पौंड हवा भरली’ म्हणतो तेव्हा त्या हवेचे वजन तीस पौंड आहे असे कोणी समजत नाही. तेथे ‘दर चौरस इंचाला’ हे शब्द अध्याहृत असतात, आणि पीएसआय म्हणतात ते हेच. जळगाव-भुसावळकडच्या दुकानात मागितला जाणारा ‘सहा किलोचा पाईप’ही याच जातीचा आहे : आयएस ४९८५ या भारतीय मानकात पीव्हीसी पाईपांचे वर्ग ते किती दाब सोसतात यावरून पाडलेले आहेत, आणि मानकाने आता ०.६ मेगापास्कल (पास्कल हे दाबाचे आंतरराष्ट्रीय एकक) असे लिहिले तरी गिऱ्हाईक सहा किलोच म्हणते.

हा शब्द टिकून राहण्याला सवयीखेरीज आणखी एक कारण आहे. एक चौरस सेंटिमीटर तळाचा आणि दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ कल्पिला, तर त्यात एक हजार घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी मावते, आणि त्याचे वजन एक किलो भरते. म्हणून एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाणी, जुन्या माणसांच्या भाषेत सुमारे तेहतीस फूट. पंपाच्या पाटीवर ‘हेड ३० मीटर’, म्हणजे पंप पाणी चढवू शकतो ती उंची, लिहिले असेल तर त्याचा अर्थ तीन किलो. त्यातून पाणी चढवण्याची उंची आणि पाईपातील घर्षण वजा जाता जे उरेल ते ठिबकाच्या वाट्याला येते. पास्कलमध्ये हा हिशेब इतका सहज तोंडी होत नाही. शिवाय पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही आपली अपूर्णांकांची नावे किलोला जशी चिकटतात तशी बारला चिकटत नाहीत. ‘सव्वा बार’ व्याकरणाने निर्दोष असूनही कानाला परका लागतो.

आता रूपांतर. एक किलो म्हणजे ०.९८०७ बार, १४.२२ पीएसआय किंवा ९८.०७ किलोपास्कल, उलट एक बार म्हणजे १.०२ किलो, १४.५ पीएसआय आणि नेमके १०० किलोपास्कल. त्यामुळे तुमचा दीड किलो बारमध्ये १.४७, पीएसआयमध्ये सुमारे २१.३ आणि किलोपास्कलमध्ये १४७ होतो. किलो आणि बार यांत फरक दोन टक्क्यांचाच असल्याने शेतातल्या साध्या गेजवर तो काट्याच्या जाडीतच हरवतो, आणि तेथे ‘दीड किलो म्हणजे दीड बार’ असे मानायला माझी हरकत नाही. जेसीबीसारख्या यंत्राच्या हायड्रॉलिक्समध्ये मात्र २०० किलो म्हणजे १९६ बार होतात. तेथे रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की उघडणारी झडप, लावणाऱ्याने हे चार बार सोडून देऊ नयेत.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि शिक्षकांनी बोट ठेवायला हवे होते ते तिच्यावर. ‘किलो’ हा मुळात एकक नसून ‘हजार’ या अर्थाचा ग्रीक उपसर्ग आहे, आणि तो पास्कललाही लागतो. ज्या गेजवर किलोपास्कलचे आकडे आहेत त्याच्यासमोर उभ्या असलेल्या नवख्या माणसाला ‘दीड किलो ठेव’ म्हटले, तर शब्दशः पाळणारा तो माणूस जवळजवळ शंभरपट कमी दाब ठेवील. म्हणून बोलताना किलो चालेल, पण लिहिताना एकक एकदा तरी पूर्ण लिहिलेच पाहिजे.

जाता जाता, ‘बार’ हा शब्दही वजनाचाच आहे. तो ग्रीक ‘बारोस’, म्हणजे जडपणा, यावरून आला. आपल्या ‘भार’शी त्याचे ध्वनिसाम्य असले तरी नाते नाही, त्याचा खरा संस्कृत भाऊबंद ‘गुरु’, म्हणजे जड, हा आहे. तेव्हा किलोवर वजनाचा आरोप ठेवून बारला सोडून देणे व्युत्पत्तीच्या न्यायाने तरी पक्षपाताचे ठरेल. पास्कल हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्यावरून १९७१ मध्ये स्वीकारले गेले.

‘दाब’ की ‘दबाव’, हेही ओघाने आलेच. पाणी, हवा, तेल, रक्त यांना दाब. माणसांवर आणि सरकारवर दबाव. अहिराणीत ‘पानीले जोर शे का?’ असे विचारतात, आणि गेज नसलेल्या शेतात तो प्रश्न पुरेसा आहे, पण ‘जोर’ला आकडा जोडता येत नाही.

तुमचे वाक्य मी असे लिहीन : ‘फिल्टरनंतरच्या गेजवर दर चौ. सेंमी.ला १.५ किलो (सुमारे १.५ बार किंवा २१ पीएसआय) दाब ठेवावा.’ यातला ‘गेजवर’ हा शब्द गाळू नये. गेजचा काटा शून्यावर असतो तेव्हाही वातावरणाचा जवळपास एक किलो दाब पाईपात असतोच. गेज फक्त त्याच्या वरचा दाब दाखवते.