शाळेची सहल जुन्या घरात जाणार आहे, लेकीला काय सांगून पाठवू?

न्यू जर्सीतल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी चौथीत आहे. तिच्या वर्गाची सहल अठराव्या शतकातल्या एका घरी जाणार आहे. मुलं तिथे लोणी काढणार, लोकर पिंजणार, पिसाच्या लेखणीने लिहिणार. त्या काळचा पोशाख करून यायला सांगितलंय. हा इतिहास आपला नाही, मग एवढी खटपट कशाला?

ताई, जरूर पाठवा. पुस्तकातली पानं वाचून जे कळत नाही, ते दहा मिनिटं लोणी घुसळून हात भरून आले की कळतं. आपल्याकडे आजीच्या हातातली रवी जिने पाहिली आहे, तिला तर ते लगेच उमगेल.

पोशाखावर पैसे घालवू नका. छापील सुती परकर, साधा पांढरा ब्लाउज आणि वर एप्रन पुरे. हिंदुस्थानातली छीट त्या काळी अमेरिकेतल्या वसाहतींत हौसेने वापरली जात होती, तेव्हा तिच्या अंगावर ती शोभेलच. चुलीजवळ जायचं असेल तर नायलॉन, पॉलिएस्टर नको. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच फोन करून विचारा: चाखायला देणार असतील त्या पदार्थात डुकराची चरबी असते का, मेणबत्त्या कशाच्या करतात? त्या काळी त्या गुरांच्या चरबीच्याही असत.

आता ‘आपला इतिहास नाही’ याबद्दल. सॉमरव्हिलमधलं वॉलेस हाऊस घ्या. डिसेंबर १७७८ ते जून १७७९ अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हे घर जॉर्ज वॉशिंग्टनचं मुख्यालय होतं. त्याच हिवाळ्यात, जानेवारी १७७९ मध्ये, महादजी शिंद्यांनी वडगावला इंग्रज फौजेची कोंडी करून तिला तह करायला लावला. शत्रू एकच होता. या घराजवळच्या बाउंड ब्रुकवर १७७७ मध्ये चाल करून गेलेला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेला आणि १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बाजूने हरिपंत फडक्यांची मराठी फौज उभी होती. ही गोष्ट आदल्या रात्री लेकीला सांगा, नकाशा समोर ठेवून.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. अशा घरांत मुलं जी कामं मजेने करून पाहतात, ती तेव्हा बऱ्याचदा गुलामांना करावी लागत. वॉलेस यांच्या घरातही गुलाम होते. न्यू जर्सीने १८०४ मध्ये हळूहळू गुलामी संपवण्याचा कायदा केला, तोही असा की ४ जुलै १८०४ नंतर जन्मलेल्या मुलांनासुद्धा तरुणपणापर्यंत, मुलींना २१ आणि मुलग्यांना २५ वर्षं, आईच्या मालकाकडे राबावं लागे. आणि ही जमीन त्याआधी लेनापे या इथल्या मूळ रहिवाशांची होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे समजतं. उगाच लपवू नका. फक्त एवढा प्रश्न देऊन पाठवा: ‘या घरात हे काम कोण करत होतं, आणि ती माणसं झोपत कुठे?’

घरी आल्यावर ती कदाचित विचारेल, आपल्याकडे असं होतं का? तेव्हा खरं सांगा. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री होत होती, वाड्यांतली कामं त्यांच्याकडून करून घेतली जात. हे सांगताना आपल्याला अवघडल्यासारखं होतं, तरी सांगा. दुसऱ्यांच्या घरातला अन्याय दाखवायचा आणि आपल्या वाड्याचं दार लावून घ्यायचं, हे मुलांना बरोबर कळतं.

शाळा सोबतीला पालक शोधत असेल तर नाव द्या. दिवाणखान्यात सगळा वेळ जातो, म्हणून स्वयंपाकघरात आणि माळ्यावर थोडं जास्त थांबा. लेक लाजली तर तो प्रश्न तुम्हीच विचारा. आणि परवानगीच्या फॉर्मवर तिला कशाची ॲलर्जी असेल तर ती लिहायला विसरू नका.