आधी रजेचा तक्ता मागव

प्रिय,

बँकेच्या ऑपरेशनल रिस्क विभागात, म्हणजे माणसं, कामाच्या पद्धती आणि यंत्रणा चुकल्यानं होणाऱ्या नुकसानीवर नजर ठेवणाऱ्या विभागात, रुजू झालीस, अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात तुझ्या हाती एक एक्सेल शीट देतील आणि धोक्याच्या पातळीनुसार लाल-पिवळे-हिरवे रंग भरायला सांगतील. भर बापडी. पण त्याआधी शाखांकडून रजेचा तक्ता मागव.

वर्षानुवर्षं सुट्टी न घेणारा माणूस वरिष्ठांचा लाडका असतो. मला त्याचीच धास्ती वाटते: त्याच्या खुर्चीत दुसरा बसल्याशिवाय गडबड दिसत नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेत हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून) परदेशी जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेब-यंत्रणेत, त्यांची नोंदच नव्हती, कारण दोन यंत्रणा जोडलेल्याच नव्हत्या. एक अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत बसून होता. तो निवृत्त झाला, नव्या माणसानं हमीपत्र मागणाऱ्यांकडे शंभर टक्के मार्जिन, म्हणजे पूर्ण रक्कम आधी जमा करायला, मागितलं आणि २०१८ च्या जानेवारीत बिंग फुटलं. घोटाळ्याचा आकडा पुढे १३ हजार कोटींच्या वर गेला.

नाजूक पदावरच्या माणसाला दर वर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, रजेवर पाठवा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं. कागदावर सगळेच पाठवतात. तू आयटीकडून त्या दिवसांचे लॉग, म्हणजे कुणाच्या आयडीवरून काय झालं त्या नोंदी, काढ. माणूस गावी आणि त्याच्या आयडीवरून व्हाउचर पास, हे दिसलं की समज, पासवर्ड वाटला गेलाय. बहुतेकदा त्यात लबाडी नसते. काउंटरवर रांग असते, चेकर (व्यवहार तपासून मंजूर करणारा) जेवायला गेलेला असतो, मेकरच (व्यवहार नोंदवणाराच) त्याचा पासवर्ड टाकून मोकळा होतो. म्हणून आरडाओरडा करू नकोस, बदली चेकर मिळवून दे. विम्यातही तेच: क्लेम नोंदवणारा आणि मंजूर करणारा एकच नको.

बाहेरून येणारा घाव मात्र वेगळा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो ११ ऑगस्ट २०१८ ला, दुसऱ्या शनिवारी. एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात; हल्लेखोरांच्या खोट्या स्विचनं त्या मागण्या परस्पर मंजूर केल्या, त्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत. २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टवरूनही रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी.

तेव्हा यंदाच्या सुट्ट्यांची यादी काढ आणि प्रत्येक तारखेसमोर रात्री कुणाचा फोन वाजेल ते लिहून घे. ‘आयटी विभाग’ असं लिहून दिलं तर यादी परत पाठव, माणसाचं नाव हवं.

तुझा,
काका